नमद्याचा राजहंस

परवा घरातल्या एका लग्नाच्या पत्रिका आम्ही सगळे मिळून पाकिटात भरत बसलो होतो. भाची प्रत्येक पाकिटावर कुंकवाचं बोट उमटवत होती. मधेच तिने पत्रिका उघडून वाचायला घेतली आणि विचारलं, "मामा, इथे 'शके' लिहिलंय, म्हणजे काय रे?"

मी म्हटलं, शालिवाहन शक. आपलं मराठी वर्ष.

"ते माहितीये. पण शक म्हणजे कोण?"

मी सांगितलं की शक नावाचे लोक होते. मध्य आशियातून आले. घोड्यांवरून फिरायचे, गुरंमेंढरं पाळायचे, एका जागी घरं बांधून राहायचे नाहीत. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग त्यांनी केलं काय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. इजिप्तच्या लोकांनी पिरॅमिड बांधले, रोमनांनी रस्ते बांधले, सातवाहनांनी लेणी कोरली. पण या लोकांनी? लढाया केल्या, लूटमार केली आणि निघून गेले, असंच काहीतरी जिभेवर आलं होतं. शाळेत आपण तेच शिकलो. 'भटके जीवन' हा धडा आधी आणि 'स्थिर जीवन' नंतर, आणि संस्कृती सुरू होते ती दुसऱ्या धड्यात! पहिल्या धड्यातले लोक म्हणजे जणू अजून पास न झालेली मुलं.

पण त्याच क्षणी मला एक राजहंस आठवला. भाचीला मी त्या राजहंसाबद्दल सांगितलं खरं, पण घाईत सांगितलं. म्हणून आज जरा सावकाश लिहितोय.

बऱ्याच वर्षांपूर्वी कामानिमित्त सेंट पीटर्सबर्गला जाणं झालं होतं. शेवटचा एक दिवस मोकळा मिळाला आणि मी हर्मिटाज संग्रहालय गाठलं. तिथे सगळे जातात ते लिओनार्दो आणि रेम्ब्रांट बघायला. मीही त्यासाठीच गेलो होतो. पण ती इमारत म्हणजे झारचा राजवाडा, दालनांमागून दालनं, आणि दिशांच्या बाबतीत माझा आनंद आहे. फिरत फिरत मी तळमजल्यावरच्या एका शांत भागात येऊन पोचलो. गर्दी नव्हती. एका काचेच्या कपाटात एक राजहंस उभा होता.

वीतभरापेक्षा थोडा मोठा, जेमतेम फूटभर उंचीचा. संगमरवराचा नाही, धातूचा नाही, नमद्याचा. नमदा म्हणजे न विणलेलं लोकरीचं कापड. लोकर ओली करायची, थापायची, गुंडाळून दाबत राहायचं, की तंतू एकमेकांत अडकून घट्ट पट्टा तयार होतो. आपल्याकडे धनगर याच पद्धतीने जेन बनवतात. माझ्या आजोळी तसलं एक जेन होतं, पावसाळ्यात आजोबांच्या अंथरुणाखाली असायचं. तर त्याच जातीच्या कापडाचे तुकडे कापून, शिवून, आत हरणाचे केस भरून कुणीतरी हा पक्षी केला होता. मानेचा बाक असा की आत्ता वळून बघेल. खालच्या पाटीवरची तारीख बघितली आणि मी पुन्हा एकदा वाचली. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीचा!

दगड तेवीसशे वर्षं टिकतो हे ठीक आहे. पण लोकर? आमच्या घरातल्या स्वेटरला दोन पावसाळ्यांत कसर लागते.

त्या राजहंसाचा पत्ता शोधायचा तर नकाशावर बरंच दूर जावं लागतं. काळ्या समुद्राच्या उत्तरेपासून पार मंगोलियापर्यंत गवताचा एक सलग पट्टा पसरलेला आहे. भूगोलात आपण त्याला स्टेपचा गवताळ प्रदेश म्हणून शिकलो. पाऊस कमी, हिवाळा कडक. शेतीला अवघड पण घोड्यामेंढरांना उत्तम. इसवीसनपूर्व पहिल्या सहस्रकात या पट्ट्यात घोडेस्वार पशुपालकांच्या अनेक टोळ्या राहत होत्या. त्यांची लिपी नव्हती, त्यामुळे ते स्वतःला काय म्हणत हे बहुतेक वेळा शेजाऱ्यांकडूनच ऐकावं लागतं. ग्रीकांनी त्यांना सिथियन म्हटलं, इराण्यांनी सका म्हटलं आणि आपण शक म्हटलं. हिरोडोटसने तर लिहूनच ठेवलंय की इराणी लोक सगळ्याच सिथियनांना सका म्हणतात. म्हणजे ही एका राष्ट्राची नावं नव्हेत. 'तिकडचे ते घोडेवाले' अशा अर्थाची, लांबून बघणाऱ्यांनी दिलेली नावं.

हिरोडोटस हा इसवीसनपूर्व पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार. त्याने आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात सिथियनांबद्दल भरपूर लिहिलंय. त्यातली मला सगळ्यात आवडणारी हकिगत इराणच्या पहिल्या दारियस सम्राटाची. इसवीसनपूर्व ५१३ च्या सुमारास दारियस प्रचंड सैन्य घेऊन सिथियनांवर चालून गेला. सिथियन लढेचनात. ते मागे सरकत राहिले, जाता जाता विहिरी बुजवत, गवत जाळत. दारियस त्यांच्यामागे नुसता फिरत राहिला. शेवटी वैतागून त्याने सिथियनांचा राजा इडँथिर्सस याला निरोप धाडला, की बाबा रे, पळतोस कशाला, एक तर लढ नाहीतर शरण ये.

त्यावर आलेल्या उत्तराचा आशय असा: मी पळत नाहीये. शांततेच्या काळातही आम्ही असेच फिरतो. आमच्याकडे ना शहरं, ना लावलेली शेतं, जी तुम्ही घ्याल म्हणून घाईने लढायला उभं राहावं. पण लढाईच हवी असेल तर आमच्या पूर्वजांच्या कबरी आहेत. त्या शोधा, त्यांना हात लावा, मग बघा आम्ही लढतो की नाही.

पुढे सिथियनांनी दारियसला नजराणा पाठवला: एक पक्षी, एक उंदीर, एक बेडूक आणि पाच बाण. दारियसला वाटलं हे शरण आले, जमीन-पाणी सगळं देऊन टाकलं. त्याच्या एका सरदाराने मात्र खरा अर्थ लावला. पक्षी होऊन उडालात, उंदीर होऊन बिळात शिरलात किंवा बेडूक होऊन डबक्यात गेलात तर ठीक, नाहीतर हे बाण आहेतच. दारियस परत फिरला.

हिरोडोटसला गोष्ट रंगवून सांगायची हौस होती, त्यामुळे यातलं किती जसंच्या तसं घडलं देव जाणे. पण कबरींबद्दलचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहून गेलं. ज्यांचा काहीच कायमचा पत्ता नाही, त्यांचा एकच पत्ता कायम होता. मेलेल्यांचा.

आणि तो राजहंस आला तो अशाच एका पत्त्यावरून.

रशियाच्या दक्षिणेला, कझाकस्तान, चीन आणि मंगोलियाच्या सीमा जिथे जवळ येतात तिथे अल्ताय पर्वत आहेत. तिथल्या पाझिरिक नावाच्या दरीत दगडांचे मोठमोठे गोल ढीग आहेत. अशा थडग्याला कुर्गान म्हणतात. १९२९ साली मिखाईल ग्रयाझ्नोव या पुरातत्त्वज्ञाने त्यातला पहिला मोठा कुर्गान खणला. बाकीचे खणले सर्गेई रुदेंकोंनी, पण थेट १९४७ ते १९४९ मध्ये. मधल्या काळात रुदेंकोंचं काय झालं तेही सांगायला हवं. स्टालिनच्या राज्यात १९३० साली त्यांना अटक झाली आणि श्वेत समुद्र ते बाल्टिक कालव्याच्या कामावर कैदी म्हणून पाठवण्यात आलं. तिथे ते जलशास्त्राचं काम करू लागले. पाणी आणि बर्फ यांचा अभ्यास त्यांना पुढे पाझिरिकला उपयोगी पडला असेल का, असा विचार मनात येतो. कारण पाझिरिकचं सगळं रहस्य बर्फात आहे.

झालं असं. चार-पाच मीटर खोल खड्डा, त्यात ओंडक्यांची खोली, वर ओंडक्यांचे थर आणि त्यावर दगडांचा ढीग. दगडांच्या फटींतून हिवाळ्याची थंडी आत उतरायची, पण उन्हाळ्याची ऊब खालपर्यंत पोचायची नाही. त्यामुळे ढिगाखालची जमीन कायमची गोठली. मग आले चोर. हे आपल्या काळातले नव्हेत, त्याच जुन्या काळातले. त्यांनी वरून भोक पाडलं, ओंडके तोडले, सोनं होतं तेवढं उचललं आणि भोक तसंच सोडून गेले. त्या भोकातून पाणी आत गेलं आणि गोठलं. खोली बर्फाने गच्च भरली. चोरांना निरुपयोगी वाटलेलं सगळं, म्हणजे लोकर, चामडं, लाकूड, रेशीम, माणसांची कातडी, त्या बर्फात राहिलं. रुदेंकोंच्या लोकांनी गरम पाणी ओतून ओतून तो बर्फ वितळवला.

म्हणजे चोरी झाली नसती तर सोनं मिळालं असतं, पण राजहंस बहुधा मिळाला नसता. इतिहास असा योगायोगावर चालतो.

चोरांनी आणखी एक गोष्ट सोडली होती. ओंडक्यांच्या खोलीबाहेर, खड्ड्याच्या उत्तर बाजूला घोडे पुरलेले होते. पहिल्या कुर्गानमध्ये दहा, पाचव्यात नऊ. सगळे कपाळावर कुऱ्हाडीचा घाव घालून मारलेले, पूर्ण साजासकट. काही घोड्यांना नमदा आणि चामड्याचे मुखवटे चढवले होते, त्यातल्या एकाला चक्क हरणाची शिंगं, म्हणजे घोड्याने मरताना सांबराचं सोंग घेतलेलं. घोड्यांच्या कानांना वेगवेगळ्या खाचा होत्या. आपल्याकडे मेंढरांच्या कानाला मालकाची खूण करतात तशा. त्यावरून अभ्यासकांनी असा अंदाज केला की हे घोडे वेगवेगळ्या घराण्यांनी मयताला दिलेले आहेर असावेत.

आणि खोगिरं! मराठीत आपण 'खोगीरभरती' हा शब्द किती तुच्छतेने वापरतो. पुस्तकात फालतू मजकूर घातला की खोगीरभरती, समितीत बिनकामाची माणसं घेतली की खोगीरभरती. पाझिरिकच्या खोगिरांत खरीखुरी भरती सापडली, गवत आणि हरणाचे केस, चोवीस शतकं जवळजवळ तशीच. आणि वरच्या आच्छादनावर काय तर रंगीत नमद्याचे तुकडे कापून जोडलेली चित्रं. गरुडाचं तोंड आणि सिंहाचं अंग असलेला ग्रिफिन पर्वतातल्या बोकडावर झडप घालतोय, बोकडाचं अंग मधोमध पिळलंय, पुढचे पाय जमिनीकडे आणि मागचे पाय आकाशाकडे. घोड्याच्या पाठीवर, स्वाराच्या मांडीखाली जाणारी ही चित्रं!

हे बघताना माझ्या हळूहळू लक्षात आलं की या लोकांकडे भिंत नव्हती. आपण कला म्हटली की भिंत धरूनच विचार करतो. अजिंठ्याची भिंत, चर्चची भिंत, निदान दिवाणखान्याची भिंत. ज्यांना वर्षातून चार वेळा बिऱ्हाड उचलायचंय त्यांनी कला कुठे ठेवायची? तर जे बरोबर येतं त्याच्यावर. लगामावर, पट्ट्यावर, तलवारीच्या म्यानावर, टोपीवर, गाडीच्या छतावर, तंबूच्या पडद्यावर. पाझिरिकच्या पाचव्या कुर्गानमध्ये साडेसहा बाय साडेचार मीटरचा नमद्याचा एक प्रचंड पडदा मिळाला. त्यावर हातात फुललेली फांदी घेऊन आसनावर बसलेली एक व्यक्ती, बहुधा देवी, आणि तिच्यासमोर येऊन थांबलेला घोडेस्वार, हेच दृश्य पुन्हा पुन्हा. एवढी मोठी 'भिंत', पण गुंडाळून गाडीत टाकता येणारी.

त्यांच्या चित्रांची घडणही यातूनच आलेली दिसते. चित्राला जागा मिळणार ती बोटभर किंवा तळहाताएवढी, आणि तीही वाकडीतिकडी. मग प्राणी त्या जागेत बसवायचा. तुवा प्रदेशातल्या अर्झान इथे इसवीसनपूर्व नवव्या-आठव्या शतकातला एक कुर्गान आहे. तिथे घोड्याच्या छातीवरचा एक कांस्याचा गोल दागिना मिळाला, त्यात बिबट्यासारखं जनावर स्वतःभोवती असं गुंडाळलंय की नाक शेपटीला टेकलंय. कॉकेशसच्या उत्तरेला कोस्ट्रोमस्काया इथे १८९७ साली सापडलेलं सोन्याचं हरीण, पाय पोटाखाली मुडपलेले, मान पुढे ताणलेली आणि शिंगं पाठीवरून लाटांसारखी मागे गेलेली. ते बसलंय, धावतंय की बळी जायला तयार आहे, यावर विद्वानांचं एकमत नाही. मला ते प्रत्येक वेळी वेगळं वाटतं.

आणि सगळ्यात जवळची जागा म्हणजे स्वतःची कातडी. दुसऱ्या कुर्गानमधल्या सरदाराच्या दोन्ही हातांवर, छातीवर, पायावर गोंदण आहे. पिळलेल्या अंगांचे हरणासारखे आणि ग्रिफिनसारखे प्राणी, नडगीवर लांबलचक मासा. पाठीच्या कण्याशेजारी मात्र नुसते ठिपके, ते कदाचित दुखण्यावरचा उपाय म्हणून असावेत. आपल्याकडे आजीच्या पिढीत दुखऱ्या जागी डाग देत असत, त्याची आठवण झाली. २०२५ साली संशोधकांनी पाझिरिक संस्कृतीतल्या एका स्त्रीच्या गोंदणाचा जवळच्या अवरक्त प्रकाशात अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्या उजव्या हातावरचं काम डाव्यापेक्षा जास्त सफाईदार आहे. दोन वेगळे हात असतील, किंवा एकाच हाताचं आधीचं शिकाऊ काम आणि नंतरचं सरावलेलं. म्हणजे तिथे ही विद्या शिकली जात होती, शिकवली जात होती. रानटी म्हणवलेल्या लोकांत उस्ताद होते आणि उमेदवार होते.

शिवाय हे लोक जगापासून तुटलेलेही नव्हते. त्याच पाचव्या कुर्गानमध्ये चिनी रेशमावर पक्ष्यांचं भरतकाम केलेलं खोगिरावरचं कापड निघालं आणि एक गाठींचा गालिचाही. १८३ बाय २०० सेंटिमीटर, एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे ३६ गाठी, काठावर घोडेस्वारांची आणि हरणांची रांग. आज जगात शिल्लक असलेल्या गाठींच्या गालिच्यांपैकी सगळ्यात जुना अखंड गालिचा हाच मानतात. तो कुणी विणला, इराणात की मध्य आशियात की आणखी कुठे, यावर वाद चालूच आहे. पण पूर्वेचं रेशीम आणि पश्चिमेचं विणकाम एका थडग्यात शेजारी शेजारी आलं, याचा अर्थ मधली वाट या घोडेवाल्यांच्या दारातून जात होती.

एवढं कौतुक करताना दुसरी बाजू झाकून ठेवणं बरोबर नाही. हिरोडोटस लिहितो की सिथियन मारलेल्या शत्रूच्या डोक्याची कातडी सोलून लगामाला बांधत, वैऱ्यांच्या कवट्यांचे प्याले करत, आणि राजा मेला की त्याची एक स्त्री, स्वयंपाकी, मोतद्दार अशांना गळा आवळून मारून बरोबर पुरत. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की ग्रीकांनी परक्यांना रंगवलेली ही अतिशयोक्ती असावी. पण पाझिरिकच्या त्या गोंदलेल्या सरदाराच्या डोक्यावर कुऱ्हाडीचे घाव आहेत, आणि त्याची स्वतःचीच टाळू सोललेली आहे. पुरताना त्याच्या लोकांनी तिथे दुसऱ्याचे केस लावून शिवलेत. हिरोडोटसने सांगितलेलं, प्रेताचं पोट रिकामं करून त्यात वनस्पती भरून शिवणं, तेही खरं निघालं. तापलेल्या दगडांवर गांजाच्या बिया टाकून तंबूत धुरी घेण्याची गोष्टसुद्धा खरी निघाली. तांब्याचं भांडं, दगड, बिया, सगळं जागच्या जागी. म्हणजे हे क्रूरही होते. राजहंस शिवणारे हात आणि टाळू सोलणारे हात एकाच वस्तीतले होते. पण मला हेही आठवतं की शत्रूंच्या मुंडक्यांचे ढीग तर असिरियाच्या राजांनीही आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर हौसेने कोरून घेतलेत, आणि त्यांना आपण संस्कृतीच्या धड्यात ठेवतो.

आता जरा अडचणीच्या विषयाकडे येतो.

पाझिरिकपासून फार लांब नाही, त्याच अल्तायमध्ये उकोक नावाचं उंच पठार आहे. १९९३ साली नताल्या पोलोस्माक यांच्या तुकडीला तिथे एक न फोडलेलं थडगं मिळालं. लाकडी शवपेटीत साधारण पंचवीस वर्षांची एक तरुणी, उंच शिरोभूषण घातलेली, रेशमी सदरा, खांद्यावर गोंदलेलं हरीण, ज्याच्या शिंगांच्या टोकांना पक्ष्यांची डोकी. बरोबर सहा घोडे. शेजारी मटण वाढून ठेवलेलं आणि एका दगडी ताटलीत धणे. नंतर केलेल्या तपासणीत कळलं की तिला स्तनाचा कर्करोग होता. वर्तमानपत्रांनी तिचं नाव 'उकोकची राजकन्या' ठेवलं.

तिला अभ्यासासाठी नोवोसिबिर्स्कला नेलं, आणि अल्तायमधल्या लोकांनी हरकत घेतली. त्यांच्या दृष्टीने ती त्यांची आजी होती, पठाराची राखणदार. २००३ साली अल्तायमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा अनेकांनी तो तिला हलवल्याचा कोप मानला. शास्त्रज्ञ म्हणाले की आजच्या अल्ताय लोकांशी तिचं थेट नातं दाखवता येत नाही. २०१२ साली तिला गोर्नो-अल्ताइस्कच्या संग्रहालयात परत आणलं गेलं, पण तिला पुन्हा मातीत ठेवा ही मागणी त्यानंतरही चालू राहिली.

हे वाचलं तेव्हा आधी मी मनातल्या मनात शास्त्रज्ञांच्या बाजूने होतो. भूकंप आणि शाप वगैरे मला पटत नाही. पण मग इडँथिर्ससचं ते उत्तर पुन्हा आठवलं. शहरं नाहीत, शेतं नाहीत, फक्त कबरी आहेत, त्यांना हात लावून बघा. दारियसला जे जमलं नाही ते आम्ही तिकीट काढून करून आलो! हर्मिटाजमध्ये मी त्या गोंदलेल्या सरदारासमोर पाचेक मिनिटं उभा होतो. कुतूहलाने, वाकून. कुणाच्या तरी वडिलांसमोर.

मग खणूच नये का? तेही म्हणवत नाही. पीटर द ग्रेटच्या काळात सैबेरियात कुर्गान फोडणं हा लोकांचा धंदाच होता, आणि निघालेलं सोनं सरळ वितळवलं जात होतं. १७१८ साली पीटरने हुकूम काढून जुन्या वस्तू आणून द्यायला सांगितलं, तेव्हा कुठे काही दागिने वाचले. किती हरणं आणि किती बिबटे त्याआधी मुशीत गेले याचा हिशोबच नाही. आणि आता हवा तापतेय. ज्या गोठलेल्या जमिनीने ही लोकर जपली ती वितळू लागलीय, आणि न खणलेली थडगी आतल्या आत कुजून जायची भीती आहे. खणलं तर अपमान, नाही खणलं तर नाश. मला यातून सुटका दिसत नाही. एवढंच वाटतं की निर्णय घेताना, त्या डोंगरात आज राहणाऱ्यांना 'तुमचं नातं सिद्ध करा' असं म्हणून बाजूला सारू नये. आपल्या गावातल्या कुठल्या तरी समाधीशी आपलं रक्ताचं नातं कुणी तपासून घेतलंय?

आता पत्रिकेतल्या शकांकडे परत येऊ. पाझिरिकचे लोक आणि आपल्याकडे आलेले शक हे एकच नव्हेत, हे नीट सांगायला हवं. पण ते त्याच गवताच्या पट्ट्यातले. शकांच्या काही टोळ्या सरकत सरकत आजच्या अफगाणिस्तान-इराणमार्गे सिंधपर्यंत आणि तिथून गुजरात, माळवा, महाराष्ट्रात आल्या. नहपान हा पश्चिम क्षत्रप. त्याचा जावई ऋषभदत्त, ज्याचं नाव लेखांत उषवदात असं येतं, त्याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यात आजही आहेत. त्यातल्या एकात तो शक असल्याचा उल्लेख आहे. आणि तो काय सांगतो? तीन लाख गाई दान दिल्या, ब्राह्मणांना सोळा गावं दिली, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे कार्षापण व्याजाने ठेवले. दोन हजारांना दरमहा एक टक्का, एक हजाराला पाऊण टक्का! घोड्यावर जन्म काढणाऱ्यांचा वंशज बँकेत मुदत ठेव ठेवल्यासारखा हिशोब दगडावर कोरून गेलाय. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या नाण्यांवर आपले छाप मारले. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली मिळालेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांत अशी नऊ हजारांहून अधिक आहेत. गौतमीपुत्राच्या आईने, बलश्रीने, आपल्या लेण्यात मुलाचं वर्णन शक, यवन आणि पल्हवांचा नाश करणारा असं करून ठेवलं.

नाश झाला म्हणावं तर गंमत बघा. इसवीसन ७८ पासूनच्या कालगणनेला नाव शकांचंच राहिलं. इतकं की मराठीत शक या शब्दाचा अर्थच कालगणना असा झाला. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला आणि ते शककर्ते झाले. आपल्यापैकी कुणालाच त्या शब्दात घोड्याच्या टापा ऐकू येत नाहीत.

पण नाशिकच्या त्या लेखांजवळ मी ग्रिफिन किंवा मुडपलेलं हरीण शोधायला गेलो तर ते नाही. जे शक स्थिरावले, त्यांनी इथली भाषा, इथले देव, इथली दानधर्माची रीत घेतली आणि दगडावर नाव ठेवून गेले. जे फिरत राहिले त्यांच्यातल्या बहुतेकांचं नाव आपल्याला माहीत नाही. पाझिरिकच्या सरदाराला आपण 'दुसऱ्या कुर्गानमधला माणूस' म्हणतो. पण त्यांचे प्राणी मात्र आपल्यापर्यंत आले. दोन्हीपैकी काय राहणं बरं, मला ठरवता येत नाही.

असो. भाचीला एवढं सगळं सांगितलं नव्हतं. राजहंस, तो लोकरीचा होता, बर्फात टिकला, गाडीच्या छतावर बसवलेले असे चार होते, एवढंच सांगितलं. तिने विचारलं, "गाडीच्या वर कशाला?"

मी म्हटलं, गाडी हेच त्यांचं घर होतं ना.

"म्हणजे गाडी चालली की हंस पण हलत असणार," ती म्हणाली आणि पुढच्या पाकिटावर कुंकवाचं बोट टेकवलं.

हे मात्र माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. मी तो काचेमागे स्थिर उभा असलेलाच बघितला होता. तो केला होता हलण्यासाठी, गवतातून चाकं धडधडत जाताना माना डोलवण्यासाठी. ज्यांनी तो शिवला त्यांनी त्याला असा गप्प उभा कधी बघितलाच नसेल.